फ्राइड चिकन, वॉफल्स आणि गरम चकलीचा डबा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. गेल्या वर्षी तुम्ही अटलांटाहून पुण्याला परत आलात. मुलांना तिकडच्या रविवारच्या फ्राइड चिकन आणि वॉफल्सची आठवण येते. दोनदा घरी करून पाहिलंत. पहिल्या खेपेला चिकन बाहेरून काळपट झालं आणि हाडापाशी लाल राहिलं. दुसऱ्या खेपेला चिकन शिजलं, पण वरचं कव्हर सालीसारखं सुटून आलं आणि सगळे पानावर बसेपर्यंत वॉफल्सची ओली पोळी झाली. घरात एक कढई, एक वॉफल मेकर आणि खाणारी सहा माणसं. तुम्हाला 'न चुकणारी रेसिपी' हवी आहे, आणि वर तीन शंका आहेत: बटरमिल्क म्हणजे आपलं ताकच ना, एअर फ्रायर चालेल का, आणि मेपल सिरप फार महाग पडतं तर दुसरं काय वापरू.

रेसिपी देतोच. पण तुम्ही लिहिलेली प्रमाणं मी वाचली, ती बरीचशी ठीक आहेत. माझ्या मते तुमचं घोडं अडलंय ते वाफेपाशी. दिवाळीत चकली तळून झाली की कितीही घाई असली तरी गरम गरम डब्यात भरत नाहीत. भरली तर सादळते, हे घरातल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. फ्राइड चिकन आणि वॉफल हे दोन्ही पदार्थ त्या गरम चकलीसारखे आहेत. बाहेरून कोरडे, आतून ओले आणि गरम. आतली वाफ बाहेर निघतच असते. तिला वाट मिळाली तर कुरकुरीतपणा टिकतो. ताटाखाली, झाकणाखाली, टिश्यू पेपरवर किंवा एकमेकांच्या अंगावर कोंडली, तर पाच मिनिटांत सगळं मऊ. हे दोन पदार्थ एकाच वेळी, एकाच ओट्यावर, एका माणसाने करायचे, ही या जेवणातली खरी मेख आहे.

मी अमेरिकेत अकरा वर्षं होतो. त्यातली शेवटची सहा जॉर्जिया राज्यात एका ब्रंचच्या हॉटेलात, बहुतेक काळ तळणीवर. तिथे तळणीला एक माणूस, वॉफलला दुसरा आणि ताट लावायला तिसरा असायचा. हा पदार्थ प्रसिद्ध झाला तोही हॉटेलांतच. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९३८ साली सुरू झालेल्या वेल्स सपर क्लबचं नाव यात पहिल्यांदा घेतलं जातं. रात्रीचे कार्यक्रम संपवून पहाटेच्या सुमारास येणारे जॅझचे कलाकार, जेवणाची वेळ टळलेली, नाश्त्याची अजून झालेली नाही, म्हणून दोन्ही एकाच ताटात. पुढे हार्लेमच्याच हर्ब हडसन यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये 'रॉस्कोज हाऊस ऑफ चिकन अँड वॉफल्स' काढलं आणि ते पश्चिम किनाऱ्यावरही पोचलं. सांगायचा मुद्दा असा की दोन हातांनी करायचं हे काम मुळातून नाही. घरी एकट्याने करायचं तर क्रमच असा लावायला हवा की एका वेळी एकाच गोष्टीकडे बघावं लागेल.

तो क्रम मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. कामावरच्या पहिल्याच महिन्यात एका रविवारी गर्दी होणार म्हणून मी चाळीसेक तुकडे आधीच तळून ट्रेमध्ये रचले आणि गार होऊ नयेत म्हणून वर फॉइल घट्ट लावली. अर्ध्या तासाने फॉइल काढली तर आत पाऊस पडलेला. शेफ काही बोलला नाही, एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला आणि खा म्हणाला. तो पिठलं लावल्यासारखा लिबलिबीत घास मला अजून आठवतो.

आता आधी हे सांगतो की काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण तिथे मी ठाम आकडा दिला तर तो खोटा ठरेल. तुकड्याचं आकारमान, कढईचं बूड किती जाड आहे, तुमच्या शेगडीची आच, वॉफल मेकर किती ताकदीचा आहे, आणि चक्क महिना कोणता आहे. जुलैतल्या पुण्यात वॉफल मेमधल्या पुण्यापेक्षा लवकर सादळतो. म्हणून मी वेळ सांगेन ती अंदाजाची समजा, तापमान मात्र मनावर घ्या. त्यासाठी मांसात खुपसायचा साधा डिजिटल थर्मामीटर विकत घ्या. या सगळ्या उद्योगात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती हीच. फक्त तो दोनशे अंशांच्या पुढे मोजतो एवढं घेताना बघा, म्हणजे तेलालाही तोच चालेल.

पहिल्या खेपेला काय झालं असावं? तुम्ही 'तेल कडकडीत तापवलं' असं लिहिलंय. आपला हात पुरीवर बसलेला असतो. पुरीला तेल चांगलं कढत लागतं, कारण ती अर्ध्या मिनिटात फुगून बाहेर यायची असते. चिकनच्या अख्ख्या तंगडीला मात्र पंधरा मिनिटांच्या आसपास तेलात राहायचं आहे. पुरीच्या तेलात तिचं बाहेरचं पीठ चार मिनिटांत करपणार आणि आत हाडापर्यंत उष्णता पोचलेलीच नसणार. त्यात तुम्ही पिठात दोन चमचे लाल तिखट आणि मुरवणात मध घातला होतात. दोन्ही लवकर काळी पडतात. तिखटाचा रंग तेलात करपटच होत जातो, म्हणून पिठात ते नाममात्र ठेवायचं आणि तिखटपणा मिऱ्याने आणि सॉसने आणायचा. मध तर मुळीच नको. गोडवा शेवटी वरून ओतायचा आहेच.

एक खुलासा. हाडापाशी लालसर दिसलं म्हणजे कच्चंच, असं नसतं. हल्लीची ब्रॉयलर कोंबडी फार कोवळ्या वयाची असते, तिच्या हाडातून मगजाचा रंग शिजतानाही बाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेलं मांसही हाडालगत लाल दिसू शकतं. रंगावर भरवसा नाही, आकड्यावर ठेवा. सगळ्यात जाड भागात ७४ अंश सेल्सिअस झालं की चिकन खायला सुरक्षित. लेगचं मांस मात्र मी ८० ते ८५ पर्यंत जाऊ देतो, कारण त्यातल्या शिरा आणि चिवट पडदे त्या तापमानाला विरघळून मांस मऊ होतं. ब्रेस्ट तेवढं तापवलं तर लाकूड होतं.

तुमच्यासाठी माझा सल्ला: पहिले दोन-तीन वेळा हाडाचं चिकन करूच नका. चिकनवाल्याकडून लेगचं बोनलेस घ्या. तो सवयीने ब्रेस्टचं देईल, म्हणून 'लेगचंच' असं दोनदा सांगा. हाडासकट खाण्याची मजा वेगळी, अमेरिकेच्या दक्षिणेत ते तसंच करतात, मला मान्य आहे. पण बोनलेसचा तुकडा सहा-सात मिनिटांत शिजतो, वॉफलवर सपाट बसतो आणि सुरीने कापता येतो. हाडाचंच हवं असेल तर तंगडी आणि मांडी सांध्यातून वेगळी करून घ्या. करीसाठी तोडतात तसे बारीक तुकडे नकोत. त्यात हाडाच्या किरचा राहतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या वेळी शिजतो. एका बाबतीत तुम्ही अटलांटापेक्षा सुखात आहात. इकडची कोंबडी लहान असते आणि तळायला लहानच बरी. तिकडच्या सुपरमार्केटातली मांडी आपल्या दोन मांड्यांएवढी असते, तिने मला पुष्कळदा घाम फोडलाय.

आता बटरमिल्क. नाही, आपलं ताक नाही. मूळ अर्थाने लोणी काढल्यावर उरलेलं ते बटरमिल्क, तिथपर्यंत ताकाचं नातं खरं. पण अमेरिकेत आज दुकानात जे मिळतं ते दुधाला विरजण लावून केलेलं, दाट आणि आंबट असतं. आपलं ताक पाणी घालून घुसळलेलं, पातळ. ते चिकनला चिकटत नाही आणि त्यामुळे पुढे पीठही चिकटत नाही. तुमचं कव्हर सुटलं त्याचं एक कारण बहुधा हेच. तीन वाट्या दह्यात एक वाटी दूध घालून फेटा, आंबट असेल असं दही घ्या. इडलीच्या पिठाइतकं दाट झालं की झालं तुमचं बटरमिल्क.

एक किलो बोनलेसला असं पाव लिटरभर बटरमिल्क, १५ ग्रॅम मीठ (साध्या बारीक मिठाचे अडीच सपाट छोटे चमचे), एक छोटा चमचा मिरपूड, चार-पाच लसणाच्या पाकळ्या ठेचून आणि एक मोठा चमचा कुठलाही पातळ, आंबट, लाल मिरचीचा सॉस. रात्री फ्रिजमध्ये मुरत ठेवा. आठ ते बारा तास पुष्कळ झाले. दोन-दोन दिवस ठेवणारे लोक मी पाहिलेत. आंबटपणाने मांसाचा वरचा थर पिठूळ होतो, फायदा काही नाही. खरं काम मिठाचं आहे, ते आत शिरून पाणी धरून ठेवतं. आलं-लसूण पेस्ट, गरम मसाला, कढीपत्ता घालायचा मोह होईल. घाला, चव छानच येईल, पण मग तो चिकन ६५ चा चुलत भाऊ होतो आणि सिरपशी त्याचं पटत नाही. या ताटात चिकनची चव मीठ, मिरी आणि तळलेल्या पिठाची एवढीच ठेवायची.

घोळवायचं पीठ: ३०० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, दीड चमचा मीठ, दोन चमचे भरड मिरपूड, अर्धा चमचा काश्मिरी तिखट. कॉर्नफ्लोअरबद्दल एक सूचना. आपल्याकडे त्या नावाने मिळतो तो मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च, तोच हवा आहे. अमेरिकन रेसिपीत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात आणि तिकडे कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं बारीक पीठ. तिकडून आलेली माणसं इथे हमखास गोंधळतात. मैद्यातल्या चिवटपणाला स्टार्च आवर घालतो आणि बेकिंग पावडरचे बुडबुडे कव्हर हलकं करतात.

आता एक युक्ती, जिच्यासाठी मी हॉटेलात सहा वर्षं घालवली असं म्हटलं तरी चालेल. कोरड्या पिठावर मुरवणातलं तीन मोठे चमचे बटरमिल्क शिंपडा आणि बोटांनी चोळा. मोहन चोळताना पीठ कसं रवाळ होतं, तसे बारीक गोळे व्हायला हवेत. हेच गोळे चिकनला चिकटून तळल्यावर ते खडबडीत डोंगर-दऱ्या देतात. तुकडा मुरवणातून काढा, जास्तीचं निथळू द्या, पिठात टाका आणि तळव्याने दाबा. नुसता घोळवू नका, दाबा. मग झटकून जाळीवर ठेवा आणि वीस मिनिटं हात लावू नका. या वीस मिनिटांत पीठ ओल शोषून मांसाला धरतं. कोरडं पीठ दिसत असताना तेलात सोडलं की ते तेलात उतरतं, तेल काळं होतं आणि कव्हर सुटतं. तुमची घाई इथेच झाली असणार. दुसरी घाई उलटण्याची. तुकडा सोडल्यावर पहिली दोन मिनिटं झारा लावायचाच नाही, कव्हर अजून ओलं असतं.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं उत्तम. अमेरिकेच्या दक्षिणेतही शेंगदाण्याचं तेल तळणीसाठी मानाचं समजतात. राइस ब्रॅन किंवा सूर्यफूलही चालेल. घाण्याचं तेल मात्र भाजीला राखा. तळणीच्या आचेवर ते लवकर धुरकटतं आणि त्याचा वास सगळ्यावर चढतो. कढई जड असावी, बीडाची असेल तर फारच छान, कारण गार चिकन पडलं तरी ती लगेच थंड होत नाही. अर्ध्याहून जास्त भरू नका, तेल उसळतं. आणि कढईला पुरेल असं झाकण हाताशी ठेवा. तेलाने कधी पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं. पाणी कधीही नाही.

तेल १७५ अंशांवर आणा, चारच तुकडे सोडा. तापमान धपकन दीडशेच्या आसपास उतरेल, ते अपेक्षितच आहे. आच सांभाळून १५५ ते १६५ च्या मध्ये ठेवा. बोनलेसला सहा-सात मिनिटं, तंगडीला बारा ते पंधरा. आवाज ऐका. सुरुवातीला जोरात खळखळाट असतो, तो पाण्याची वाफ निघण्याचा. तो मंदावला की तुकडा होत आला. आतलं तापमान तपासा आणि बाहेर काढा. काढायचं ते लोखंडी जाळीवर, खाली ताट ठेवून. टिश्यू पेपरवर नाही. पेपर तेल टिपतो खरा, पण खालच्या बाजूची वाफ तिथेच कोंडते आणि तळ मऊ पडतो. केक गार करायची जाळी नसेल तर ओव्हनची जाळी दोन वाट्यांवर ठेवा.

आता दोनदा तळणं. पहिल्या तळणीत चिकन पूर्ण शिजवायचं आणि जाळीवर बाजूला ठेवायचं. पाऊण तास उघडं राहिलं तरी बिघडत नाही. मऊ पडलं तरी काळजी नाही. मग ताट वाढायच्या क्षणी तेल १९० ला आणून एकेक मिनिट पुन्हा सोडायचं. वर आलेली ओल उडून जाते आणि कव्हर पहिल्यापेक्षाही कडक होतं. पुरीचं कढत तेल इथे कामी येतं. चिकनला थांबता येतं याला इतिहासही साक्षी आहे. व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्टेशनवर एकोणिसाव्या शतकात कृष्णवर्णीय बायका डोक्यावर मोठी ताटं घेऊन गाडीच्या खिडक्यांपाशी फ्राइड चिकन विकायच्या, कर्जतला वडा विकतात तसंच. वॉफलला अशी वाट बघता येत नाही. म्हणून आधी चिकन, मग वॉफल, मग चिकनची एक मिनिटाची दुसरी डुबकी. हा क्रम पाळलात तर अर्धी लढाई जिंकलात.

एअर फ्रायर चालेल का? कच्चं घोळवलेलं चिकन त्यात करू नका. कोरड्या पिठाला तेलात बुडावंच लागतं. हवेने त्यावर पांढरे, पिठूळ डाग राहतात. पण दुसऱ्या तळणीऐवजी, शिजलेले तुकडे पुन्हा कुरकुरीत करायला एअर फ्रायर छान आहे. १९० वर तीन-चार मिनिटं. तेवढंच ओट्यावरचं ओझं हलकं.

वॉफलसाठी २५० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, २५ ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी, ४०० मिली ते दह्याचं बटरमिल्क आणि ११० ग्रॅम वितळवलेलं लोणी. आपल्याकडचं पिवळं विकतचं लोणी खारट असतं, ते घेतलंत तर वेगळं मीठ घालू नका. लोण्याचं प्रमाण पाहून दचकाल, पण ते कमी करू नका. हे मोहनच आहे. चकलीला मोहन कमी पडलं की ती कडक आणि चिवट होते, वॉफलचंही तसंच. लोण्यात थोडं पाणी असतं, त्यामुळे साजूक तुपाने वॉफल आणखी खुसखुशीत होतो. तूप घेतलंत तर ९० ग्रॅम पुरे. चव थोडी शिऱ्याकडे झुकते, मला आवडते, मुलांचं माहीत नाही. ओलं कोरड्यात घालून जेमतेम मिसळा, गुठळ्या राहू द्यात. धिरड्यासारखं एकजीव करायला गेलात की मैदा चिवट होणार. बाजारातलं अंड्याशिवायचं वॉफल प्रीमिक्स मात्र यासाठी नको. ते चॉकलेट सॉसखाली खायच्या गोड वॉफलसाठी असतं, चिकनशेजारी केक ठेवल्यासारखं लागतं.

तुमचा वॉफल मेकर खोल खणांचा आहे की पातळ, ते लिहिलं नाहीत. पातळ असेल तर उत्तम, कुरकुरीतपणा त्याच्यातच जास्त. खोल असेल तर थोडं कमी मिश्रण घाला. हिरवा दिवा लागला म्हणून वॉफल झाला असं समजू नका. दिवा फक्त तवा तापल्याचं सांगतो. बाजूने येणारी वाफ बघा. ती जवळजवळ थांबली की आतलं पाणी उडालं, तेव्हा उघडा. साधारण पाच मिनिटं लागतात. आधी उघडलं तर वॉफल फाटून वर-खाली चिकटतो, आणि रंग आला तरी मऊच राहतो.

झालेला वॉफल ताटलीत ठेवायचा नाही आणि एकावर एक तर नाहीच. तुमचे वॉफल्स इथेच गेले, कारण तुम्ही ते 'गरम राहावेत म्हणून कॅसरोलमध्ये' ठेवलेत. कॅसरोल पोळ्या मऊ ठेवण्यासाठी असतो आणि त्याने आपलं काम चोख केलं. ओटीजी १०० अंशांवर ठेवा आणि वॉफल्स थेट त्याच्या जाळीवर, सुटे. अर्धा तास छान राहतात. ओटीजी नसेल तर वाढायच्या आधी प्रत्येक वॉफल मेकरमध्ये पाऊण मिनिट परत घाला.

एक वाजता जेवायचं असेल तर माझं घड्याळ असं चालतं. अकराच्या सुमारास चिकन फ्रिजमधून बाहेर, साडेअकराच्या आत घोळवून जाळीवर. पावणेबारा ते सव्वाबारा पहिली तळणी, तीन घाण्यांत. मग गॅस बंद, हात धुऊन वॉफलचं मिश्रण, आणि साडेबारापासून एकापाठोपाठ वॉफल्स. शेवटचा वॉफल मेकरमध्ये असताना तेल पुन्हा तापायला. सगळ्यांना आधी पानावर बसवा. हे विनोदाने म्हणत नाही. हॉटेलात गिऱ्हाईक आधी बसलेलं असतं, घरी आपण पदार्थ झाल्यावर हाका मारतो आणि मग कुणीतरी आंघोळीला गेलेलं असतं.

सिरपबद्दल. खरं मेपल सिरप महाग का, तर मेपलच्या झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवून एक लिटर सिरप होतं. स्वस्त बाटलीतलं 'पॅनकेक सिरप' म्हणजे रंग-वास घातलेला साखरेचा पाक. तो घेण्यापेक्षा काकवी घ्या. हे मी नाइलाज म्हणून सांगत नाही. लुइझियानात उसाच्या रसाचं गडद सिरप दक्षिणेतल्या जेवणात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ॲबव्हिल गावचं स्टीन्स १९१० पासून ते बनवतं, आणि मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा कोल्हापूरची काकवीच आठवली. अर्धी वाटी काकवी, एक मोठा चमचा लोणी, एक छोटा चमचा तो लाल मिरचीचा सॉस आणि लिंबाचे चार थेंब, नुसतं कोमट करा, उकळू नका. वॉफलवर आधी थोडं लोणी, मग चिकन, मग हे सिरप. तेही प्रत्येकाने आपापलं ओतायचं, आपण आधी ओतून वाढायचं नाही.

आणि समजा, एखाद्या रविवारी हे सगळं सांभाळायचा उत्साहच नसेल, तर याच नावाचं दुसरं ताट आहे. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांचं, ज्यांना 'डच' म्हणतात. त्यात तळण नाही. चिकन पाण्यात मंद आचेवर शिजवून, सोलून, त्याच्याच पाण्याची मैदा-लोण्यात दाट ग्रेव्ही करतात आणि ती वॉफलवर ओततात. वॉफल तिथे मऊ पडायलाच असतो, ग्रेव्ही पिऊन. पावसाळ्यात मी घरी बहुतेक वेळा तेच करतो. तुमच्या मुलांना अटलांटाची आठवण त्यातून येणार नाही, हे खरं.

वॉफल्स उरले तर पूर्ण गार करून, मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये टाका आणि सोमवारी सकाळी थेट टोस्टरमध्ये. चिकन उरलं तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गारच खाऊन बघा, डब्यात लिंबाच्या लोणच्याबरोबर. तेल गार झाल्यावर गाळून ठेवा, मैद्याचा गाळ जड असतो, तो तळाशी बसू द्या. आणखी एकदा चिकनसाठी चालेल, मग टाकून द्या. त्या तेलात कुरडया तळायला जाऊ नका.